बनगावचे देणे

नाशिक जिल्ह्यातल्या काही शेतकरी उत्पादक कंपन्यांतल्या मुलामुलींना मी निर्यातीचे कागद शिकवतो. शिपिंग बिल कसे भरायचे, पादपस्वच्छता (फायटोसॅनिटरी) प्रमाणपत्रासाठी अर्ज केव्हा टाकायचा, एलसीतल्या, म्हणजे बँकेच्या पतपत्रातल्या, कोणत्या ओळी बोट ठेवून वाचायच्या, असली कामे. मुले ‘सर’ म्हणतात तेव्हा संकोच वाटतो, कारण यातले मी स्वतः शोधून काढलेले काहीच नाही. हे सगळे मला पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावात मिळाले, आणि बहुतेक सगळे तिथल्या एका क्लिअरिंग एजंटाकडून मिळाले. त्यांना सारे दादा म्हणत, मीही म्हणे. नाव छापलेले त्यांना आवडायचे नाही, म्हणून इथेही ते दादाच.

बनगाव हे इच्छामती नदीच्या काठचे गाव. कोलकात्याहून जुन्या जेसोर रस्त्याने तिथे जातात. या रस्त्याला दुतर्फा विलायती शिरिषाची प्रचंड झाडे आहेत. गावापुढे काही किलोमीटरवर पेट्रापोल लागते आणि सीमारेषेपलीकडे बेनापोल. भारत आणि बांगलादेश यांच्यात जमिनीवरून जो व्यापार चालतो, त्यातला सुमारे ७० टक्के या एका दारातून जातो. कापूस, गाड्यांचे सुटे भाग, रसायने, मिरची, फळे आणि आमच्या निफाड, लासलगाव, पिंपळगावचा कांदा.

मी कांद्याच्या घरातला. आण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टर घेऊन बाजार समितीत जायचे तेव्हा लिलावाच्या रांगेत उभे राहण्याआधी कुणालातरी विचारत, ‘बांगला चालू आहे का?’ एवढ्या चार शब्दांवर आमचा दिवस ठरे. बांगलादेशची मागणी चालू असेल तर व्यापारी पुढे सरकून बोली लावत. बंद असेल तर तोच कांदा, तोच रंग, तीच प्रत, पण आवाज चढत नसे. चालू म्हणजे काय आणि बंद म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हते. पाऊस येतो-जातो तसे ते येत-जात असते, अशीच आमची समजूत. मी बी.कॉम. झालो तरी माझीही समजूत याहून फार पुढे गेली नव्हती. सीमाशुल्क म्हणजे सरकारने कर गोळा करायची एक खिडकी, आणि एजंट म्हणजे त्या खिडकीजवळ उभा राहून पैसे उकळणारा माणूस, एवढेच मला ठाऊक होते. किंबहुना हे मी मोठ्या खात्रीने लोकांना सांगतही असे.

एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर मला हिशेबाची नोकरी लागली. प्रतवारी, गोण्या भरणे, वजन, गाड्यांची बिले. हा माल ट्रकने आणि कधी रेल्वेच्या रेकने बंगालकडे जाई. शेठना बनगावात आपला एक माणूस हवा होता. मला हिंदी बरी येत होती, इंग्रजी वाचता येत होते, आणि लग्न झालेले नव्हते. तेव्हा मीच गेलो. हे २००७ सालच्या हिवाळ्यातले, लाल कांद्याच्या हंगामातले. लाल कांदा फार टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो. लाल कांद्याला तीन-चार आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. त्यातले चार-पाच दिवस नाशिकहून बंगालपर्यंतच्या रस्त्यातच जात.

बनगावला पोहोचल्यावर पहिल्यांदा दिसले ते ट्रक. रस्त्याच्या कडेला, पार्किंगच्या मैदानांत, पेट्रोलपंपाच्या मागे, जागा मिळेल तिथे. ड्रायव्हर चाकांच्या सावलीत स्टोव्ह पेटवून डाळ शिजवत होते. गाडी आली की तिला पार्किंगमध्ये ‘सिरियल’ मिळे आणि मग नंबर येईपर्यंत वाट पाहायची. नाशवंत मालाची रांग वेगळी आणि पुढची असे, तरी तिथेही दिवस जात. बाकी मालाला कित्येकदा आठवडे लागत. थांबलेल्या गाडीचे हॉल्टिंग रोज चढे. आमच्या एका गाडीवरची ताडपत्री मी उचलली आणि आतली ऊब हाताला लागली. जाळीच्या गोणीतून एक कांदा चाचपला तर मान मऊ. दुसऱ्याला पिवळसर कोंब. लहानपणापासून कांद्यात वाढलेल्या माणसाला यापुढचे सांगावे लागत नाही.

दादांचे ऑफिस म्हणजे एका दोनमजली घराची पुढची खोली. मी गेलो तेव्हा ते जमिनीवर बसून एका इन्व्हॉइसवर पट्टी ठेवून ओळीओळीने वाचत होते. मी आवेशाने विचारले की गाडी आज सुटायला कुणाला काय द्यावे लागेल. त्यांनी वर पाहिले नाही. माझ्या हातातले कागद मागून घेतले आणि तीन कागद शेजारी शेजारी ठेवले: इन्व्हॉइस, पादपस्वच्छता प्रमाणपत्र आणि वजनकाट्याची पावती. तिन्हींवर वजन वेगळे होते.

‘तुझा कांदा वाटेत सुकला,’ ते म्हणाले. ‘कांदा सुकणारच. पण कागद सुकत नाही. आता या तीन आकड्यांतला खरा कोणता, हे ठरवायला अधिकाऱ्याला गाडी उघडावी लागेल. गाडी उघडली की आजचा दिवस गेला. त्याला दोष देऊ नको. दोष नाशिकला भरलेल्या कागदाचा आहे.’

मग त्यांनी सगळी साखळी समजावली. वाटेतली तूट सौद्यातच लिहून घ्यायची. एलसी बांगलादेशातल्या बँकेने उघडलेली असते, तिच्यातला मालाचा तपशील इन्व्हॉइसवर अक्षरशः तसाच उतरायला हवा. पलीकडच्या आयातदाराने ढाक्याच्या कृषी विस्तार खात्याकडून आयातीचा परवाना घेतलेला असतो, त्याची मुदत नाशिकला गाडी भरण्याआधी पाहायची. शिपिंग बिल संगणकावर चढते, सीमाशुल्काचा ‘लेट एक्सपोर्ट’ हुकूम निघतो, कारपास होतो आणि मग गाडी झिरो पॉइंट ओलांडते. आण्णा ज्याला ‘चालू’ म्हणत त्यात इतके सांधे होते. यातला एक जरी अडकला तरी लासलगावच्या ओट्यावर ‘बंद’ ऐकू येई.

त्या खोलीत मी किती वेळ बसलो असेन त्याची गणती नाही. दादा कुणाला शिकवायला बसलेत असे कधी दिसत नसे. ते आपले काम मोठ्याने बोलत करत आणि माझ्यासारखे दोन-तीन जण ऐकत. दुपारी आतून बौदी, म्हणजे दादांच्या पत्नी, भात-माशाचे ताट पाठवत. मी मासे खात नाही हे कळल्यापासून माझ्यासाठी पोस्तो, म्हणजे खसखस, घातलेली बटाट्याची भाजी येऊ लागली. परगावच्या, कुणा ओळखीच्याही नसलेल्या मुलासाठी वेगळी भाजी रोज करणे हे काय असते, ते मला पुढे स्वतःचा संसार झाल्यावर उमगले.

दादांची एक सवय मला तेव्हा विचित्र वाटे. त्यांच्याकडे लांबट, लाल कापडी पाठीची वही होती आणि तिच्यात पैशांचा एकही आकडा नव्हता. प्रत्येक गाडीपुढे फक्त वेळा होत्या. नाशिकला भरली केव्हा, पार्किंगला शिरली केव्हा, कागद दाखल केव्हा, तपासणी केव्हा, हुकूम केव्हा, झिरो पॉइंट केव्हा, पलीकडे रिकामी झाली केव्हा, परत आली केव्हा. ड्रायव्हरांना ते या वेळा विचारून घेत, आणि ड्रायव्हर अंदाजाने बोलला तर ती जागा कोरी सोडत. माझ्या गाड्यांची वही मी ठेवायची, असे त्यांनी एके दिवशी सांगून टाकले. मी कंटाळत ठेवली. महिनाभराची पाने भरल्यावर त्यांनी मला ती उलट वाचायला लावली. तेव्हा दिसले ते असे: प्रत्यक्ष तपासणीला काही तास लागत होते, आणि उरलेला सारा वेळ कुणीच काही करत नसताना जात होता. गाडी एका टेबलाची वाट पाहत असे, टेबल एका कागदाची, कागद एका सहीची, सही दुसऱ्या दिवशीच्या कचेरीची. ज्याला मी अडवणूक म्हणत होतो, ती बऱ्याच अंशी एकापुढे एक लावलेली प्रतीक्षा होती. चोर शोधत आलेल्या मला तिथे घड्याळ सापडले.

पुढे व्हिसा काढून मी बेनापोलला गेलो. आमचा ट्रक सीमा ओलांडून पलीकडच्या यार्डात जाई आणि तिथेच थांबे. भारतीय गाडीला त्यापुढे जायची मुभा नाही. मग हमाल एकेक गोणी डोक्यावर घेऊन आमच्या गाडीतून त्यांच्या गाडीत टाकत. दहाचाकीत तीनशेच्या वर गोण्या असतात. खळ्यावर मापाऱ्यांनी चढवलेली, हजारो किलोमीटर रस्त्यावर दबलेली गोणी इथे पुन्हा उचलली जाते, पुन्हा आपटते. गोणीच्या तळाचे कांदे चेपतात आणि त्यांचा रस गळतो. त्या वासावरून मी सांगू शकत असे की आज किती माल फुकट गेला. हमालांचा राग यायचे कारण नव्हते; त्यांचे पोट त्यावर होते आणि ते घामाने निथळत काम करत. पण एक गाडी रिकामी करून तोच माल दुसरीत भरण्याने कांद्याच्या किमतीत एका पैशाचीही भर पडत नाही, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होते.

जागतिक बँकेने २०२१ साली या भागातल्या दळणवळणावर एक अहवाल काढला. पेट्रापोल-बेनापोल पार करायला १३८ तास लागतात आणि त्यातले २८ तास या चढ-उताराचे, असे त्यात म्हटले होते. तेवढीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमेवर हे काम सहा तासांच्या आत होते, हेही त्यात होते. तो आकडा वाचला तेव्हा मला दादांची लाल वही आठवली. त्यांनी हे वर्षानुवर्षे बॉलपेनने लिहून ठेवले होते.

गावी गेलो की मी आण्णांना हे सांगायचा प्रयत्न करी. त्यांना ते पटायला वेळ लागला नाही, कारण शेठ लिलावात बोली कशी लावतात हे मी आता आतून पाहिले होते. निर्यातदार हिशेब उलटा मांडतो. बेनापोलला काय भाव मिळेल इथून सुरुवात. त्यातून भाडे वजा, हॉल्टिंग वजा, सड आणि तूट वजा, आपला नफा वजा. उरेल ती ट्रॅक्टरवरच्या कांद्याची बोली. बनगावात गाडी दोन दिवस जास्त थांबेल अशी नुसती शंका आली तरी ते दोन दिवस आधीच वजा होऊन जातात. ते कापणारा माणूस दिसत नाही, कापलेली रक्कम कुठल्या पावतीवर येत नाही. आण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘म्हणजे तिकडचं भाडं मी देतो होय?’ यापेक्षा नेमके वाक्य मी आजवर कुठल्या परिसंवादात ऐकलेले नाही.

सार्क देशांचा मुक्त व्यापाराचा करार, साफ्टा, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि २००६ पासून लागू झाला. २०११ साली भारताने बांगलादेशसारख्या अल्पविकसित शेजाऱ्यांना मोजक्या वस्तू सोडून सगळ्यावर शून्य शुल्क दिले. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. मी दादांना विचारले, आता तिकडून येणारा माल धो-धो वाढेल ना? ते म्हणाले, ‘कर माफ झाला. वेळ माफ झाला नाही.’ मला वाटते शेजारी देशांचा बाजार एक करण्याच्या आपल्या प्रयत्नांत हीच उणीव सगळ्यात मोठी राहिली. करारावर सह्या राजधानीत होतात. माल मात्र पार्किंगमध्ये उभा असतो.

दुसरे ऋण एका सीमाशुल्क अधिकाऱ्याचे आहे. ते निवृत्त झाले आहेत आणि त्यांचेही नाव मी लिहीत नाही. अधिकारी आणि एजंटाचा कारकून यांच्यात चहाचे नाते नसते, पण हे गृहस्थ संध्याकाळी फाटकाशी उभे राहून गाड्या जाताना बघत. दादांनी एकदा माझ्या वहीची पाने त्यांच्यापुढे धरली. मला धडकी भरली. ही तक्रार वाटेल असे वाटले. त्यांनी ती पाने लक्ष देऊन वाचली, दोन ठिकाणी माझी बेरीज दुरुस्त केली आणि सांगितले की जागतिक सीमाशुल्क संघटना ब्रुसेल्सहून सगळ्या देशांना नेमकी हीच मोजणी करायला सांगते. मालाला दारातून सुटायला किती वेळ लागला याचा अभ्यास करा, मग कुठे दुरुस्ती करायची ते तुम्हालाच दिसेल.

त्यांच्याकडून मी जोखमीचा विचार शिकलो. प्रत्येक गाडी उघडणे म्हणजे कडक तपासणी, असे मी समजत होतो. ते म्हणत, सगळ्या गाड्या उघडणारा माणूस एकही गाडी नीट पाहत नाही. वर्षानुवर्षे स्वच्छ कागद देणाऱ्याला सोडा आणि तो वाचलेला वेळ ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्यावर घाला. कागद गाडीच्या आधी येऊ द्या, म्हणजे गाडी पोहोचेल तेव्हा प्रश्न विचारून झालेले असतील. आणि दोन देशांनी एकच माल दोनदा का तपासावा? झांबिया आणि झिंबाब्वे यांच्यातल्या चिरुंडूच्या पुलाबद्दल मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकले. डिसेंबर २००९ मध्ये तिथे एक-थांबा चौकी सुरू झाली. दोन्ही देशांचे अधिकारी एकाच इमारतीत बसतात आणि गाडी एकदाच थांबते. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार-सुलभीकरणाचा करार २०१३ साली बालीला ठरला. भारताने तो २०१६ मध्ये स्वीकारला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तो अमलात आला. त्या कराराच्या सातव्या कलमात नाशवंत मालासाठी वेगळा भाग आहे: असा माल कमीत कमी वेळात सोडावा, गरज पडल्यास कचेरीच्या वेळेबाहेरही सोडावा. अधिकाऱ्यांनी तो मजकूर मला छापून दिला होता. जिनिव्हातल्या कागदात माझ्या बापाच्या कांद्याची काळजी केलेली आहे, हे वाचून मी खरोखर हेलावलो.

त्यानंतरची काही वर्षे चांगली गेली. २०१६ मध्ये पेट्रापोलची एकात्मिक चौकी उभी राहिली. सीमाशुल्क, वजनकाटा, गोदाम, वनस्पती तपासणी सगळे एका आवारात आले. पुढच्या वर्षी दार चोवीस तास उघडे राहू लागले. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमांवरचे चेकनाके उठले. नाशिक-बनगाव रस्त्यातला तो वेळ वाचला, हे ड्रायव्हरच सांगत. पाहता पाहता मला बनगावात राहायची गरज उरली नाही. बरेचसे काम पिंपळगावातून संगणकावर होऊ लागले आणि मी घरी परतलो. निरोपाला दादांनी स्टेशनवर यायचे टाळले. बौदींनी आईसाठी नोलेन गुळाचा डबा दिला.

सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर एकाएकी बंदी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. असे काही करायचे असेल तर आधी कळवत जा, असे त्या जाहीर कार्यक्रमात म्हणाल्या. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा तेच झाले. देशात भाव वाढले की ग्राहकाचा विचार सरकारला करावा लागतो, हे मला समजते. पण रात्रीतून निघालेला हुकूम सीमेवर उभ्या असलेल्या गाडीला लागू होतो तेव्हा चौकी, संगणक, चोवीस तास उघडे दार यांपैकी कशाचाच उपयोग राहत नाही. दहा वर्षांत कमावलेला भरवसा एका रात्रीत जातो आणि पलीकडचा आयातदार दुसऱ्या देशाचा कांदा शोधायला लागतो.

२०२० च्या त्या रात्री आमच्या गाड्या पेट्रापोलला उभ्या होत्या. मी पिंपळगावात फोन धरून बसलो होतो. दादांचे वय झाले होते, करोनाचे दिवस होते, तरी ते फाटकाशी गेले. गाडी येण्याआधी कागद दाखल करायची त्यांची जुनी शिस्त आम्ही सोडली नव्हती, त्यामुळे काही गाड्यांचे कागद बंदीपूर्वीच सीमाशुल्काच्या ताब्यात गेले होते. काही दिवसांनी सरकारने अशा मालाला जायची परवानगी दिली आणि त्या गाड्या सुटल्या. बाकीच्या गाड्यांतला कांदा दादांनी कोलकात्याच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकून दिला. सडलेला निवडून फेकायला माणसे लावली, त्यांची मजुरी स्वतः दिली. आपली एजन्सी फी त्यांनी त्या महिन्यात घेतली नाही. शेठनी पाठवलेली रक्कम परत आली. त्या मालात आमच्या गावच्या कितीतरी घरांचे पैसे होते. त्यांतल्या कुणालाही दादा माहीत नाहीत.

एक गोष्ट मला त्यांच्याच आग्रहामुळे दिसली. बेनापोलच्या आयातदाराबरोबर त्यांनी मला फरिदपूरकडे पाठवले होते. तिथले शेतकरीही कांदा पिकवतात. पाबना, राजबाडी, फरिदपूर हा त्यांचा कांद्याचा पट्टा. त्यांचा माल निघतो तेव्हा ढाक्याचे सरकार आयातीचे परवाने थांबवते, जसे २०२३ च्या मार्चमध्ये थांबवले. ओट्यावर आम्ही त्याला ‘बांगला बंद’ म्हणत वैतागतो. तिथल्या एका अंगणात एक म्हातारा बांबूच्या माच्यावर कांदे पसरत होता. त्याने मला विचारले, तुमचा माल कधी येणार आहे? मी सांगायचे टाळले नाही, तारीख सांगितली. त्याने मान हलवली आणि मुलाला हाक मारून त्याच आठवड्यात विकायचे ठरवले. तारीख आधी कळणे हा आण्णांचा जितका हक्क, तितकाच त्याचाही. शेजाऱ्यांचे बाजार जोडायचे म्हणजे एकाने दुसऱ्यावर माल ओतायचा, असे माझ्या मनात कुठेतरी होते. तो समज त्या अंगणात गळून पडला.

आता दादा घरीच असतात. लायसन्सचे काम त्यांची मुलगी बघते. २०२२ पासून ट्रकचा नंबर ‘सुविधा’ पोर्टलवर आधी घेता येतो, त्यामुळे पार्किंगमधली ती जुनी गर्दी ओसरली. त्याच वर्षी जूनमध्ये पद्मा नदीवरचा पूल सुरू झाला आणि बेनापोलहून ढाक्याला जाणाऱ्या गाड्यांची नदीकाठची फेरीबोटीची प्रतीक्षा संपली. पण सगळे पुढेच जाते असे नाही. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा मोटारवाहन करार जून २०१५ मध्ये थिंफूला झाला. त्याच वर्षी कोलकात्याहून ढाक्यामार्गे आगरताळ्यापर्यंत चाचणीचा एक ट्रक गेला आणि हजार किलोमीटरच्या आसपास अंतर वाचले. आमच्या गोण्या मात्र अजून बेनापोलच्या यार्डात उतरतात. ऑगस्ट २०२४ नंतर दोन्ही देशांतले संबंध ताणले गेले. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी मालाला तिसऱ्या देशात जाण्यासाठी दिलेली सोय काढून घेतली, मे महिन्यात तिकडचे तयार कपडे जमिनीवरच्या चौक्यांतून आणायला मनाई झाली. ज्यांनी हे दार रुंद करण्यात आयुष्य घातले, त्यांना हे पाहताना काय वाटत असेल, ते मी फोनवर विचारू शकलेलो नाही.

दादांच्या मुलीचा आणि माझा मात्र एक वाद चालू आहे. भारतीय सीमाशुल्क खाते आता देशभर वेळेची मोजणी करते. बंदरे, विमानतळ, कोरडी बंदरे आणि सीमेवरच्या चौक्याही तिच्यात धरतात. तिचे म्हणणे, मोजणी चौकीपासूनच सुरू व्हावी, कारण त्याआधीचा वेळ कुणा एका खात्याच्या हातात नसतो आणि ज्याची जबाबदारी नाही त्याला जाब विचारता येत नाही. मी म्हणतो, घड्याळ लासलगावच्या ओट्यावर, ट्रॅक्टरचे वजन होते तिथून सुरू करा. तिने मागच्या महिन्यात माझ्या वर्गातल्या मुलांकडून त्यांच्या गाड्यांच्या वेळा मागवल्या आहेत. काही जणांनी अंदाजाने भरल्या होत्या. त्या जागा कोऱ्या करून मी तक्ता परत पाठवला आहे, आणि ड्रायव्हरांना विचारून पुन्हा भरायला सांगितले आहे.